हिराबाईंच्या दारातली नक्षी

पनवेलमध्ये एके काळी चिनी भाषेची शिकवणी चालायची असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या वयाकडे बघतो आणि मग हळूच विषय बदलतो. त्याला दोष देत नाही. मी स्वतःच शिकवत नसतो तर मलाही खरं वाटलं नसतं. पण चालायची. छप्पन सालापासून बासष्टपर्यंत, लाइन आळीतल्या माझ्या दोन खोल्यांत आणि गावातल्या बऱ्याच ओट्यांवर, ज्यांच्या आईबापांना चिनी भाषा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं अशा पोरांना मी ती शिकवली. गाव मला ‘चिनी मास्तर’ म्हणे. बासष्टच्या दिवाळीनंतर म्हणेनासं झालं, म्हणजे माझ्या तोंडावर.

हुशारीचे किस्से सांगायला बसलो तर दोनचार सांगता येतील. पण खरं सांगायचं आहे ते एका बाईबद्दल. तिला मराठीचा ‘अ’ काढता येत नव्हता आणि माझ्या सगळ्या शिष्यांत ती सरस निघाली. तिला एकच गोष्ट हवी होती: आपली मुलगी मिठागरावर जाऊ नये. त्या एका गोष्टीच्या आड मीच कसा आलो, हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आधी माझं. मी चीनला गेलो तो विद्वान म्हणून नव्हे. मुंबईच्या एका सुताच्या पेढीला शांघायच्या शाखेत कारकून हवा होता, आणि मॅट्रिक झालेल्या मला इथे कोणी दारात उभं करत नव्हतं. दहा वर्षं राहिलो. बाजारातली बोली आपोआप आली, पण कागदपत्रं वाचायची तर साहेबलोक जिला मँडरिन म्हणत ती शिकणं भाग होतं. वांग नावाचे उत्तरेकडचे एक म्हातारे मास्तर रोज सकाळी तासभर मला घोटून घेत. अठ्ठेचाळीसमध्ये पेढी गुंडाळली आणि मी पनवेलला परतलो. सोबत एक ट्रंकभर पुस्तकं आणि बिनदुधाचा चहा प्यायची सवय होती. सवय बायकोने आठवड्याभरात मोडली.

पोटासाठी बापूशेठच्या भाताच्या गिरणीत दिवाणजी झालो. संध्याकाळी पोरांचं इंग्रजी घेई. चिनीचं नावही काढत नव्हतो, पण एक दिवस बापूशेठ मुंबईहून भाषण ऐकून आले. तो ‘हिंदी-चिनी भाई भाई’चा काळ होता.

गादीवर बसत म्हणाले, “दिवाणजी, पुढची पंचवीस वर्षं चीनची. माझी तिन्ही पोरं चिनी बोलली पाहिजेत.”

“कोणाशी बोलतील, शेठ?”

“ते पुढचं पुढे.”

शेठची पोरं शिकतात म्हटल्यावर मग बाकीचे कसे मागे राहतील? सराफाने मुलगा घातला, वखारवाल्याने दोन घातले. एका वकिलाने मुलीला घातलं, कारण ‘मुलीला काहीतरी वेगळं यावं, पण उपयोगाचं नको, नाहीतर नोकरी करीन म्हणेल’. वर्षभरात अकरा मुलं झाली. पनवेलची लोकसंख्या बघता हे प्रमाण पेकिंगच्या बाहेर कुठे असेल असं वाटत नाही.

या धंद्यात अडचण मुलांची नसते, पालकांची असते. इंग्रजी न येणारा बाप निदान पुस्तक सुलटं धरून पोराला धपाटा घालू शकतो. इथे पुस्तक सुलटं की उलटं तेच कळत नाही. त्यातून चिनी शब्दाला सूर असतो आणि सूर बदलला की शब्द दुसराच होतो. हे ऐकून पालक घाबरत. मी म्हणे, अहो, तुम्ही दिवसभर हेच करता. बायको म्हणते उद्या माहेरी जाते, तेव्हा तुम्ही लांबच लांब सपाट ‘होऽऽ’ म्हणता. मुलगा म्हणतो पहिला आलो, तेव्हा तुमचा ‘हो?’ वर चढतो. शेजारी म्हणतो मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, तेव्हा तोच ‘हो’ आधी खाली बसतो आणि हळूच उठतो. आणि जेवायला हाक आली की तुटक ‘हो’. झाले चार सूर. आपल्याकडे सुराने मनातलं कळतं, त्यांच्याकडे शब्दाचा अर्थच त्यावर असतो. एवढाच फरक.

पालकांना हे पटे, पण घरी गेल्यावर भलतंच घडे. शेठच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की पोरं रांगेत बसून परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, मग तिथ्या आणि नक्षत्रं. शेठच्या मातोश्रींनी विचार केला की रोज म्हणायचंच आहे तर चिनीही त्यातच बसवावं. निमकी आणि तिथ्या यांच्यामध्ये त्यांनी चिनी घातलं. महिनाभराने मी पोरांची परीक्षा घेतली तर तिघंही डोलत डोलत सगळे शब्द बे-एके-बेच्या चालीवर म्हणू लागली. चारही सूर गेले होते आणि एकच उरला होता. तो चीनमध्ये कुठेही वापरत नाहीत.

मी दुरुस्त करण्याआधीच शेठची दाढ दुखायला लागली. मुंबईत तेव्हा दातांचे चिनी डॉक्टर पुष्कळ. शेठनी एका दगडात दोन पक्षी म्हणून तिन्ही पोरांना एस.टी.त घातलं आणि डॉक्टरसमोर उभं केलं. पोरांनी डोलत सगळा धडा म्हटला. डॉक्टर हातात चिमटा धरून शेवटपर्यंत सभ्यपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, “सेठ, बच्चा लोग बहोत अच्छा गाता है. कौन सा भाषा है?”

परत आल्यावर शेठ सुजलेल्या गालाने माझ्यावर घसरले. “दिवाणजी, चिनी माणसाला कळत नाही ते चिनी कसलं?” मी सांगितलं, की तो डॉक्टर दक्षिणेकडचा असणार, त्याच्या मुलखाची बोली निराळी, त्याला पेकिंगची भाषा येत नसेल. आणि येत असती तरी आईसाहेबांच्या चालीवर कळली नसती. शेठना पहिलं कारण पटलं. दुसरं मी घरात बोलू नये असं त्यांनी सांगितलं.

तेव्हा मी एक युक्ती काढली. युक्ती माझी नाही, माझ्या आईची. ती निरक्षर होती, पण मी स्तोत्र म्हणताना एक अक्षर चुकलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, “काल असं नव्हतं.” बरोबर काय ते तिला माहीत नसे. काल काय होतं ते पक्कं माहीत असे. मी तोच नियम केला. मुलाने दिवसभरात शिकलेलं संध्याकाळी आईला शिकवायचं, चाल न लावता. आईने नुसतं ऐकायचं आणि कालच्यापेक्षा वेगळं वाटलं की ‘काल असं नव्हतं’ म्हणायचं. मग माझ्याकडे पाठवायचं. न येणारी आई हीच उत्तम मास्तरीण, कारण ती मुलाला आयतं उत्तर देऊ शकत नाही.

युक्ती चांगली होती. फक्त आयांना वेळ नव्हता. शेठच्या बायकोने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी कपाळाला सुंठ लावून पडून राहिली. तिचा थोरला मधू मात्र फार खूश झाला, कारण आता त्याला कोणीच विचारत नव्हतं.

युक्तीचा खरा फायदा घेतला तो माझे मित्र डॅनियलराव यांनी, आणि तोही चिनीसाठी नाही. ते शाळेत गणित शिकवत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं त्यांचं यहुदी घराणं इस्राएलला निघालं होतं. मला म्हणाले, “आमच्या प्रार्थना हिब्रूत पाठ आहेत हो, पण त्या भाषेत भाजी कशी घ्यायची?” त्यांच्या मुलांनी पुस्तकातून शिकून आईला शिकवलं. जाऊन वर्ष झाल्यावर पत्र आलं की मुलं आणि त्यांची आई फाडफाड बोलतात. डॅनियलराव अजून बाजारात बोट दाखवून वांगी घेतात.

आता हिराबाई.

त्या गिरणीत तांदूळ पाखडायच्या कामाला होत्या. मूळच्या गव्हाणच्या. नवरा हंगामात मिठागरावर जाई. लग्नाआधी त्यांनीही तिथे काम केलेलं, खाऱ्या पाण्याने टाचा चिरून गेलेल्या त्या कधी भरून आल्या नाहीत. एके दिवशी दहा वर्षांच्या कमलला पुढे करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मास्तर, शेटचे पोरांना जां शिकवताव, तां माजे कमलला पन शिकवा.”

“हिराबाई, मी काय शिकवतो ते ठाऊक आहे का?”

“नाय. शेट शिकवतंय म्हंजे कामाचा असल.”

“आणि नसलं तर?”

“मीठ तरी नाय ना? माजी पोर मिठागरान जानार नाय.”

या युक्तिवादाला वांग मास्तरांकडेही उत्तर नसतं. मी कमलला घेतलं. शिकवणीच्या बदल्यात त्या कधी सुकट आणत. माझी बायको ती घराबाहेरच ठेवायला लावी आणि मी बाहेर जाऊन खाई.

हिराबाईंनी नियम अक्षरशः पाळला. कामावरून आल्या की चुलीपुढे बसून म्हणत, “हां, शिकव.” आणि कमल शिकवी. कमलचा सूर जरा ढळला की म्हणत, “काल वर जात होता, आज कनाला पडला?” कनाला म्हणजे कशाला. सकाळी कमल माझ्याकडे येऊन विचारी आणि दहांतल्या नऊ वेळा हिराबाईंचंच बरोबर निघे.

चिनी अक्षर म्हणजे घर बांधण्यासारखं काम. वरून खाली, डावीकडून उजवीकडे रेघा काढायच्या. चौकटीचं अक्षर असलं तर आधी भिंती, मग आतली माणसं, आणि दार शेवटी लावायचं. मोठ्यामोठ्यांची पोरं आधी दार लावून मोकळी होत. हिराबाईंना कमलने एकदा सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, “मंग? आत कुनी नसताना दार कोन लावतंय?” त्यांच्याकडे पाटी नव्हती, पण गिरणीत भाताचं तूस वाटेल तेवढं होतं. ते जाळलं की पांढरी राख होते, तिचीच आमच्याकडे रांगोळी घालतात. हिराबाई रोज सकाळी दार सारवून रांगोळी काढत आणि तिच्या कोपऱ्यात कमलने नुकतंच शिकवलेलं अक्षर. आठवड्याला दोन नवी. गिरणीमागच्या चाळीतल्या बायका म्हणत, हिराची रांगोळी जरा निराळीच असते.

एकदा कमलला मी एक अक्षर शिकवलं, उच्चार साधारण ‘आन’. वर छप्पर आणि खाली बाई. अर्थ शांत, सुखरूप. मी मोठ्या रसाने समजावलं, छपराखाली बाई बसली की घर शांत. आतून माझी बायको म्हणाली, “हे लिहिणारा नक्कीच पुरुष असणार.” हिराबाईंना मात्र ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कोपऱ्यात न काढता चांगलं हातभर मोठं काढलं.

एकोणसाठमध्ये तिबेटच्या बातम्या आल्या तशी शेठनी पोरांची नावं काढून त्यांना टायपिंगला घातलं. पुढची पंचवीस वर्षं टायपिंगची, असं मला सांगितलं. सराफ गेला, वखारवाला गेला. वकिलाच्या मुलीचं लग्न ठरलं. बासष्ट उजाडलं तेव्हा माझ्या शिकवणीत एकटी कमल उरली होती, आणि अर्थात हिराबाई.

त्या साली दिवाळीच्या आठवडाभर आधी लढाई सुरू झाली. गावात आकाशकंदील कमी लागले. बायका संरक्षण निधीला बांगड्या काढून देत होत्या आणि गिरणीतल्या रेडिओभोवती गर्दी असे. मी आत गेलो की गर्दी गप्प होई. कोणी वाईट बोललं नाही, हे सांगितलं पाहिजे. फक्त दोघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं, “मास्तर, तुमचे तिकडे अजून कोणी आहेत का?” जसं काही वांग मास्तर माझे मामा लागत होते.

मी घाबरलो. नरक चतुर्दशीला पहाटे उठून ट्रंक उघडली आणि पुस्तकं, वह्या, वांग मास्तरांच्या हातच्या चिठ्ठ्या, सगळं एकेक करून बंबात घातलं. बायको दारात उभी होती.

“पुस्तकं जाळल्याने तुम्ही शांघायला गेलाच नव्हतात असं होणार आहे का?”

मी म्हटलं, “तू तेल लावून घे.”

माझं त्या दिवशीचं अभ्यंगस्नान चिनी भाषेवर तापलेल्या पाण्याने झालं. पाणी चांगलं कढत होतं, एवढं कबूल करतो.

केस पुसतोय तोच हवालदार कदम दारात. भला माणूस. म्हणाले, “मास्तर, जरा गिरणीमागच्या चाळीत चला. तुमच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही.”

हिराबाईंच्या दारापुढे तीसचाळीस माणसं उभी होती. मधोमध मोठी रांगोळी, चारी बाजूंना पणत्या, आणि बरोब्बर मध्ये छपराखाली बसलेली बाई. निधी गोळा करायला निघालेल्या पोरांनी ती बघितली होती. त्यांच्यात शेठचा मधू होता. माझ्याकडे तीन वर्षं शिकून त्याच्या डोक्यात एकच अक्षर राहिलं होतं, ते नेमकं हे.

“हे चिनी आहे,” मधू सगळ्यांना सांगत होता. “मास्तरांनीच मला शिकवलंय.”

हिराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. गर्दीला म्हणाल्या, “आता मास्तरांना इचारा. त्ये सांगतील काय लिवलंय त्ये.” शेजारी कमल होती, सोळा वर्षांची, आणि ती माझ्याकडे बघत होती.

कदमांनी विचारलं, “काय आहे हे, मास्तर?”

मी रांगोळीकडे बघितलं. एकेक रेघ जागेवर होती. मी म्हणालो, “हे चिनी नाही. कसलंच अक्षर नाही हे. मधूला कधी काही नीट आलं नाही. या बाईला लिहिता-वाचता येत नाही, हिने नुसती नक्षी काढली आहे.”

“नक्षी?”

“नक्षी. अर्थबिर्थ काही नाही.”

जन्मात मधूचं एकदा बरोबर आलं होतं, आणि मी चारचौघांत त्याला चूक दिली. कदमांनी वहीत लिहून घेतलं. गर्दी पांगली. हिराबाईंनी ओलं फडकं आणून दारातलं सगळं पुसलं, पणत्या बाजूला सारल्या आणि एवढंच म्हणाल्या, “बरा, मास्तर.”

नंतर कमलकडून कळलं, की हिराबाईंच्या भावाचा मुलगा फौजेत होता आणि त्या दिवसांत त्याचं पत्र नव्हतं. तो सुखरूप राहावा म्हणून त्यांनी ते अक्षर मधोमध काढलं होतं. आपल्याला लिहिता येतं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि ज्याने शिकवलं त्यानेच चाळीस माणसांपुढे सांगितलं की ते काही नाही. मी त्यांना वाचवलं, असं स्वतःला बरीच वर्षं समजावत आलो. वाचवलं असेलही. पण त्या क्षणी मला माझीच पडली होती. भाचा, सांगायला हरकत नाही, पुढे धडधाकट परत आला.

कमल शिकायला यायची थांबली. मीही बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी ती मॅट्रिक झाली. त्याच पावसाळ्यात तिच्या वडिलांना पाठीच्या दुखण्याने धरलं. घरात ठरलं की येत्या हंगामात त्यांच्या जागी कमल मिठागरावर जाईल. मला हे गिरणीत कळलं, हिराबाईंकडून नाही. त्या माझ्याशी कामापुरतं बोलत.

मग भाद्रपदात वर्तमानपत्रात जाहिरात आली. दिल्लीतल्या एका सरकारी खात्याला चिनी रेडिओ ऐकून लिहून घेणारी माणसं हवी होती. दोस्ती होती तेव्हा चिनी येणाऱ्याला कोणी चहा पाजला नाही, आणि भांडण झाल्यावर सरकार पगार द्यायला निघालं. परीक्षा मुंबईत, सहा आठवड्यांनी. बायकोने जाहिरात कापून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आहे ते तोंड घेऊन हिराबाईंकडे जा.” मी गेलो.

हिराबाईंनी मला ओट्यावर बसवलं. जाहिरात वाचून दाखवली.

“पुस्तकं हाईत ना तुमच्याकडं?” त्यांनी विचारलं.

“जाळली.”

“कनाला?”

“पाणी तापवायला.”

कमल म्हणाली, बोललेलं कळेल, पण अक्षरं निम्मी गेली आहेत. माझीही तीच गत होती. पुस्तकाशिवाय माझा हात लुळा पडला होता. मी चाचरत विचारलं, “हिराबाई, तुम्हाला काही आठवतं का?”

“मना काय आठवनार? मी नक्षी काडते.”

हे बोलून त्या उठल्या, चुलीतली राख पाटावर पसरली, हाताने सारखी केली आणि बोटाने काढायला बसल्या. पहिल्या दिवशी कमलला शिकवलेलं अक्षर, माणूस. मग दुसऱ्या दिवशीचं, मग तिसऱ्या. काढायचं, कमलने मोठ्याने वाचायचं, पुसायचं. दारातली रांगोळी बंद झाल्यापासून त्या रोज पहाटे चुलीपाशी बसून हेच करत होत्या आणि कोणी उठायच्या आत पुसत होत्या. सहा वर्षांत शिकवलेलं एकही अक्षर सुटलं नव्हतं. मात्र ते क्रमानेच येई. मध्ये थांबवलं की त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. म्हणून आम्ही मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं. एकदा न राहवून मी म्हटलं, इथे एक रेघ राहिली. त्या म्हणाल्या, “नाय राहिली.” घरी जाऊन रात्रभर आठवत बसलो. राहिली नव्हती.

सहा आठवडे रोज संध्याकाळी मी त्या ओट्यावर बसलो. दिवाणजी तिथे काय करतात, असं गावाने विचारलं तर खरं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. धैर्य दाखवायची वेळ माझ्यावर नेहमी उशिरा येते.

कमलची परीक्षा चांगली गेली, इतकी की त्यातूनच घोटाळा झाला. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, उच्चार इतके स्वच्छ, कोणी घोटून घेतले? ती म्हणाली, आईने. साहेबांची खात्री पटली की आई चिनी आहे. अर्जात आईचं गाव गव्हाण लिहिलेलं, ते त्यांनी नकाशात शोधलं म्हणे, पण भलत्या देशाच्या. नेमणूक पोलीस चौकशीवर अडकली. आणि चौकशीचा कागद घेऊन आले हवालदार कदम.

पुढे गोंधळू नये म्हणून आधीच सांगतो, कमलला नोकरी लागली. मिठागराचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती दिल्लीत लोकरीचा कोट घालून कानाला यंत्र लावून बसली होती. पण कदम आले त्या दुपारी हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कागदावर प्रश्न होता: उमेदवाराच्या आईस चिनी भाषा येते काय? येते म्हणावं तर बाई संशयित. येत नाही म्हणावं तर मुलगी खोटारडी.

हिराबाईंच्या ओट्यावर आम्ही बसलो. कदम माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही म्हणाला होतात नुसती नक्षी.”

हिराबाई उंबऱ्यात होत्या, त्या दिवशी होत्या तिथेच.

“मी खोटं बोललो होतो,” मी म्हणालो. “ते अक्षर होतं. ‘सुखरूप’ असं लिहिलं होतं, यांच्या फौजेतल्या भाच्यासाठी. मी मुलीला शिकवलं, मुलीने घरी मोठ्याने म्हटलं, आणि यांनी ऐकून ऐकून दोघांपेक्षा चांगलं लक्षात ठेवलं. मधू बरोबर होता.”

कदमांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता उठतात ते मला घेऊनच. ते म्हणाले, “मास्तर, ते तुम्ही आज सांगितलंत. माझ्या डायरीत नक्षी लिहिलंय. सरकारी कागदावर नक्षी म्हणून गेलेली गोष्ट आता अक्षर होत नसते.” मग विचार करून त्यांनी सावकाश लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: ‘आई मूळची गव्हाणची, निरक्षर. मुलगी अभ्यास मोठ्याने करीत असे व आई ऐकत असे.’ एकही शब्द खोटा नव्हता.

त्यांनी कागद हिराबाईंकडे सरकवला आणि शाईची डबी उघडली. हिराबाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत खाली ठेवला. सहाशेच्या वर अक्षरं येणाऱ्या त्या बाईने माझ्याकडे बघितलं.

“मास्तर, अंगठा देऊ का नक्षी काडू?”

मी कदमांकडे बघितलं. कदम म्हणाले, “अंगठाच द्या, बाई.” त्यांनी अंगठा दिला. त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून सही माझी आहे.